सेन्नाचं हेल्मेट नक्की किती पिवळं? (जुनी हेल्मेटं गेममध्ये आणणाऱ्यांसाठी धागा)

वळणवेडा
मंडळी, असेटो कोर्सा या रेसिंग गेमसाठी एफ-वनच्या १९८८ च्या मोसमाचा हेल्मेट पॅक करायला घेतलाय. गाड्यांचे मॉड (चाहत्यांनी बनवलेल्या फाइल्स) चांगले मिळतात, ट्रॅकही मिळतात, पण आत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर गेमचं डिफॉल्ट हेल्मेट बघितलं की सगळा मूडच जातो. सुरुवात अर्थातच ब्राझीलच्या आयर्टन सेन्नापासून केली आणि तिथेच अडकलोय. हिरवा पट्टा, निळा पट्टा, ते जमलं. पण पिवळा कुठला घ्यायचा? एका फोटोत लेमन, दुसऱ्यात गडद सोनेरी, रेसच्या जुन्या व्हिडिओत पार नारिंगीकडे झुकलेला, आणि काचेच्या पेटीत ठेवलेल्या हेल्मेटचे फोटो बघावेत तर तिथे चौथाच. आयड्रॉपरने फोटोतून रंग उचलून टाकला तर गेममध्ये मळकट दिसतो. तुम्ही लोक काय करता? खऱ्या वस्तूचा रंग पकडायचा की आपल्या डोक्यात बसलेला?

मंदगती
आधी एक सांगा, कॉकपिट व्ह्यूमधून चालवताना स्वतःचं हेल्मेट दिसतं कुणाला? एवढी रात्र-रात्र जागून जे बनवायचं ते फक्त मागच्या गाडीवाल्याने बघायचं.

टायरवॉल
@मंदगती तुमच्या बाबतीत पुढच्या गाडीवाल्याच्या आरशात दिसत असेल. लॅप डाउन होताना. ह.घ्या. (हलकेच घ्या)

पिटवॉल_काका
वळणवेडा, फोटोतून थेट रंग उचलायचा नाही. फोटोतल्या पिवळ्यात त्या दिवशीचं ऊन असतं, फिल्म असते, स्कॅन करणाऱ्याची आवड असते आणि शिवाय वरच्या लॅकरवर पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब असतं. जुन्या एक्टाक्रोम फिल्मच्या स्लाइड वर्षानुवर्षं पडून राहिल्या की लालसर होतात, कोडाक्रोम त्या मानाने टिकते. टीव्हीचं फुटेज तर विचारूच नका, टेपवरून टेपवर कॉपी होत आलेलं असतं, त्यात रंग सांडलेलाच असतो.

माझी पद्धत सांगतो. ज्या फोटोत हेल्मेटच्या शेजारी नक्की पांढरी असलेली एखादी गोष्ट आहे असाच फोटो घ्यायचा. १९८८ साठी तर सोपं आहे, सेन्नाच्या मॅक्लारेन एमपी४/४ गाडीवर पांढरा भाग भरपूर आहे. तो पांढरा आधी न्यूट्रल करून घ्या आणि मग हेल्मेट बघा. चार वेगवेगळ्या रेसचे फोटो असे धुऊन घेतले की चारही पिवळे बऱ्यापैकी जवळ येतात. जो येत नाही तो फोटो बाजूला टाकायचा.

अर्धवट_यूव्ही
काकांना +१, पण मळकट दिसण्याचं कारण वेगळंही असू शकतं. असेटोमध्ये तुम्ही टेक्स्चरमध्ये (मॉडेलवर चढवलेल्या चित्रात) टाकलेला रंग जसाच्या तसा स्क्रीनवर येत नाही. मटेरियलच्या अँबियंट आणि डिफ्यूज व्हॅल्यूने (आजूबाजूचा आणि थेट उजेड किती परतवायचा ते आकडे) तो गुणला जातो, त्यावर रिफ्लेक्शन चढतं, वरून पोस्ट प्रोसेसिंग फिल्टर. फिल्टर बदलला की पिवळा बदलतो. त्यामुळे टेक्स्चर दुरुस्त करत बसण्याआधी मटेरियल बघा. आणि लोक करतात तसं लाल-हिरवा २५५, निळा ० असा शुद्ध पिवळा टाकू नका, उन्हात तो जळतो, त्यावर सावलीच दिसत नाही आणि हेल्मेट चपटं वाटतं. निळ्या चॅनलमध्ये थोडं काहीतरी राहू द्या, लाल २४० च्या खाली ठेवा, बाकीचं काम गेमच्या सूर्याला करू दे.

कर्बवरून
माझं मत थोडं उलटं आहे. खऱ्या वस्तूचा रंग, न्यूट्रल पांढरा वगैरे ठीक आहे हो, पण हा पॅक वापरणार कोण? ज्यांनी सेन्नाला टीव्हीवर किंवा नंतर व्हिडिओत पाहिलंय तेच ना? त्यांच्या डोळ्यांसमोरचा पिवळा टीव्हीवाला आहे. प्रयोगशाळेत मोजून आणलेला रंग टाकलात तर दहापैकी नऊ जण येऊन लिहिणार की रंग चुकलाय. सेन्ना म्हटल्यावर डोळ्यांत घुसला पाहिजे तो पिवळा.

शाईपेन
@कर्बवरून, पण मग बाकीचंही सगळं टीव्हीसारखं करावं लागेल, रस्ताही आणि गवतही. नुसतं हेल्मेट टीव्हीतलं आणि गाडी खरी असं केलं की हेल्मेट वरून चिकटवल्यासारखं दिसतं. मी असे पॅक बघितलेत.

आणि टीव्हीसाठी तर खुद्द टीमच रंग बदलत होत्या. मॅक्लारेनच्या गाडीवरचा मार्लबोरो सिगारेटचा लाल हा फ्लुरोसंट नारिंगीकडे जाणारा होता, म्हणजे स्क्रीनवर तो लाल दिसावा. आता गेममध्ये तुम्ही कुठला घालणार, गाडीवर प्रत्यक्षात मारलेला की टीव्हीवर पोचलेला? रंगवणाऱ्याने जे मारलं ते मी मारते. पुढचं कॅमेऱ्याने बघावं.

कर्बवरून
शाईपेनताई, मुद्दा मान्य, मत कायम :)

नवखा_१२
फ्लुरोसंट रंग गेममध्ये येतो का? मी एकदा टाकून बघितला, नुसता साधा नारिंगी दिसतो.

अर्धवट_यूव्ही
येत नाही, सरळ मार्गाने तरी नाही. फ्लुरोसंट रंग अतिनील आणि निळा प्रकाश शोषून घेतो आणि तो पिवळा किंवा नारिंगी म्हणून परत सोडतो, म्हणजे त्या रंगाचा जेवढा प्रकाश वर पडला त्याहून जास्त बाहेर येतो. गेमच्या टेक्स्चरला हे माहीतच नाही, ते पडलेल्या प्रकाशापेक्षा जास्त देऊ शकत नाही. मग लोक जुगाड करतात, मटेरियलला थोडा एमिसिव्ह देतात, म्हणजे स्वतःचा उजेड. दुपारच्या रेसमध्ये एकदम झकास दिसतं. आणि मग मोनॅकोला जातात, बोगद्यात शिरतात आणि आत सगळीकडे अंधुक असताना डोकं बल्बसारखं चमकत जातं.

मंदगती
म्हणजे कॉकपिटमधून आपलं हेल्मेट दिसत नाही हा प्रश्न सुटला की. बोगद्याच्या भिंतीवर उजेड पडेल.

पिटवॉल_काका
रंगावर एवढी चर्चा चालली आहे म्हणून मधेच बोलतो. रंग चुकला तर मला चालतं, टोपलं चुकलेलं चालत नाही. म्हणजे शेल. सेन्नाची डिझाइन कार्टिंगच्या दिवसांपासून तीच, साओ पावलोच्या सिड मोस्काने रंगवलेली, पण खालचं हेल्मेट बदलत गेलं. बेल होतं, मग होंडाचं रिओस, मग शोई, आणि १९९४ ला परत बेल. प्रत्येकाची व्हायझरची खिडकी वेगळी, हनुवटी वेगळी, त्यामुळे तेच पट्टे प्रत्येकावर थोडे वेगळ्या ठिकाणी बसतात. बहुतेक पॅकमध्ये एकच आधुनिक शेल घेऊन त्यावर १९६८ पासून २००८ पर्यंत सगळे रंगवलेले असतात. एका पॅकमध्ये ऐंशीच्या दशकातल्या हेल्मेटवर हान्सचे (मान वाचवणाऱ्या साधनाचे) खिळे बघितले. हान्स एफ-वनमध्ये सक्तीचं झालं २००३ ला! व्हायझरच्या वरच्या कडेवरची झायलॉनची (मजबूत धाग्याची) पट्टी तर त्याहून नंतरची, मासाला २००९ मध्ये हंगेरीत दुसऱ्या गाडीतून उडालेली स्प्रिंग डोक्याला लागल्यानंतर आली, २०११ पासून सक्तीची. तीही बघितली आहे, एका १९९१ च्या मॅन्सेलवर.

टायरवॉल
काका, मॅन्सेल काळाच्या पुढे होता असं समजा.

पिटवॉल_काका
कळस म्हणजे फुल फेस (हनुवटीपर्यंत तोंड झाकणारं हेल्मेट) घातलेला जिम क्लार्क. क्लार्क गेला एप्रिल १९६८ मध्ये, हॉकेनहाइमला. डॅन गर्नी फुल फेस बेल स्टार घेऊन ग्रां प्रीमध्ये उतरला तोच मुळी १९६८ च्या उन्हाळ्यात. क्लार्कला गडद निळं ओपन फेस, पुढे पांढरा पीक (छज्जा), गॉगल आणि तोंडावर रुमाल. एवढंच करायचंय हो, ना लोगो ना रेषा, जगातली सगळ्यात सोपी हेल्मेट, आणि तीच चुकवतात.

शाईपेन
सोपी?? काका, उलट तीच अवघड. पट्टे असले की चुका पट्ट्यांत लपतात. एकरंगी निळ्यावर लपायला जागाच नाही. तिथे सगळं काम मटेरियलचं, जुना रंग किती चकचकीत, पीकची बटणं कशी, कडेचं रबर कसं, किती ओरखडे. स्टर्लिंग मॉसचं पांढरं हर्बर्ट जॉन्सन हेल्मेट करून बघा एकदा. मी केलं तेव्हा लोकांनी विचारलं, टेक्स्चर लोड झालं नाही का?

मंदगती
हा हा हा ताई

वळणवेडा
खूप छान माहिती येतेय. शेलचा मुद्दा डोक्यातच नव्हता. पण मग प्रत्येक शेलसाठी डिझाइन नव्याने काढायची का? माझ्याकडे शेल तीन झाली तर यूव्हीही (शेल उलगडून सपाट केलेला नकाशा) तीन, आणि सरळ पट्टा एका यूव्हीत धनुष्यासारखा वाकतो तर दुसऱ्यात मागच्या शिवणीवर तुटतो.

अर्धवट_यूव्ही
यूव्हीवर सपाट रंगवूच नका. खरा रंगारी काय करतो? शेल समोर घेतो, त्यावर टेप लावतो, कडा आखतो आणि मग रंग मारतो. तेच थ्रीडीत करा. ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये शेलच्या पृष्ठभागावर वक्र रेषा टाका, त्याच तुमच्या टेपच्या कडा, मधला भाग भरा आणि शेवटी त्या त्या शेलच्या यूव्हीवर बेक करा (सपाट चित्रात उतरवा). शेल बदललं तर रेषा हलवून पुन्हा बेक. डोक्याच्या वरच्या भागात सगळ्या यूव्ही आकसतात, तिथे हाताने थोडं सावरावं लागतं.

आणि कृपा करून मिरर वापरू नका. अर्धं यूव्ही वाचतं म्हणून लोक डावी-उजवी बाजू एकच ठेवतात आणि मग एका बाजूला लाउडाचं नाव उलटं वाचावं लागतं.

पिटवॉल_काका
मिररला माझाही विरोध, पण नाव हे वरवरचं कारण झालं. हाताने रंगवलेल्या हेल्मेटच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. ग्रॅहम हिलचं बघा. गडद निळ्यावर पांढरी वल्ह्यांची पाती, लंडन रोइंग क्लबचे रंग, तो आधी तिथे वल्ही मारायचा. ओपन फेसवर ती पाती एका पद्धतीने बसतात आणि नंतर त्याने फुल फेस घेतलं तेव्हा खाली हनुवटीचा एवढा मोठा भाग रिकामा मिळाला. पुढे मुलाने, डेमनने, तीच डिझाइन घेतली, तोपर्यंत हेल्मेटं गोल गुळगुळीत झाली होती, खिडकी मोठी, कडा सुबक. बापलेकाची डिझाइन म्हणून लोक एकच फाइल दोघांना लावतात. ग्रॅहमच्या पात्यांना हाताचा कंप पाहिजे आणि डेमनच्या पात्यांना नको, एवढंच माझं म्हणणं.

नवखा_१२
वल्ह्यांची पाती!! मी इतकी वर्षं त्या नुसत्या पांढऱ्या खुणा समजत होतो. अशी गोष्ट असलेली अजून कुठली हेल्मेटं आहेत?

टायरवॉल
हंट. काळ्यावर निळा-पिवळा-लाल पट्टा, ते त्याच्या शाळेचे, वेलिंग्टन कॉलेजचे रंग. राइकोनेन २०१२ ला मोनॅकोत हंटचं नाव लिहिलेलं हेल्मेट घालून आला होता. जिल विल्नेव्हच्या काळ्या हेल्मेटवरचा नारिंगी व्ही बायकोने, जोआनने सुचवलेला. आणि सिफर्टचा लालवर पांढरा क्रॉस तर सरळ स्विस झेंडाच.

अवांतर: शूमाकरने २००० मध्ये मोनॅकोपासून लाल हेल्मेट घेतलं कारण टीममधल्या बारिकेलोचं आणि त्याचं लांबून सारखं वाटायचं. म्हणजे ओळख पटवायला मुळात ही रंगरंगोटी. आताच्या काळात दर रेसला नवीन डिझाइन, कोण कुठे बसलंय कळत नाही.

कर्बवरून
@टायरवॉल म्हणूनच तर २०१५ ला मोसमात डिझाइन बदलायला बंदी घातली होती. मग एका रेसला सवलत दिली आणि २०२० ला बंदीच उठवली. आजच्या मोसमाचा पॅक करणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार, त्याचा पॅक पूर्ण होईपर्यंत पुढचा मोसम संपलेला असतो.

शाईपेन
स्टुअर्टला विसरलात सगळे. पांढरं हेल्मेट आणि कडेने रॉयल स्टुअर्ट टार्टनचा पट्टा. दिसायला गोड, करायला शिक्षा. जवळून मस्त दिसतं, पण गाडी थोडी लांब गेली की मिपमॅप (लांबून दाखवायच्या टेक्स्चरच्या छोट्या प्रती) लहान होत जातात आणि सगळ्या चौकटी मिसळून नुसता फिका गुलाबी पट्टा उरतो, आणि मिपमॅप बंद केले तर तोच पट्टा किड्यांसारखा वळवळतो. मी शेवटी मिपमॅप आपोआप न बनवता हाताने केले. लांबच्या लेव्हलला चौकटींच्या बारीक रेषा काढून टाकल्या आणि लाल मुद्दाम थोडा गडद ठेवला, म्हणजे लांबून लाल पट्टा दिसतो आणि जवळ आल्यावर टार्टन उमटतं. डीडीएस या टेक्स्चर फॉरमॅटमध्ये सेव्ह करताना मिपमॅप पुन्हा जनरेट करायचा पर्याय बंद करायचा हे लक्षात ठेवा, नाहीतर सगळी मेहनत पुसली जाते. आणि शक्य असेल तर बीसी७ कॉम्प्रेशन वापरा, डीएक्सटी१ मध्ये टार्टनसारख्या बारीक रंगीत रेषांचा चिखल होतो.

अर्धवट_यूव्ही
हे भारी आहे ताई. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पिटवॉल_काका
आम्ही ग्रां प्री लेजंड्सच्या काळात असली दुखणी पाहिली नाहीत. १९९८ चा गेम, १९६७ चा मोसम, टेक्स्चर एवढंसं. हिलची वल्ही म्हणजे मोजून काही पिक्सेल. पण गंमत अशी की मागून येणारा स्टुअर्ट आहे का हिल आहे हे आरशात लगेच कळायचं.

कर्बवरून
काका, मी वर तेच म्हणत होतो. ओळखू आला की झालं.

पिटवॉल_काका
ओळखू येणं ही पहिली पायरी झाली हो. आता २०४८ पिक्सेलचं टेक्स्चर हातात आहे, तर तिथेच का थांबायचं?

नवखा_१२
एक शंका. दुसऱ्या गेममधून हेल्मेटचं मॉडेल काढून वापरलं तर चालतं का? बऱ्याच जणांकडे दिसतं.

शाईपेन
नाही. एका मॉड साइटवर माझं शेल कुणीतरी नाव पुसून पैसे घेऊन विकत होतं, तक्रार केल्यावर मलाच पुरावा मागितला. तेव्हापासून मी शेलच्या आतल्या बाजूला, जिथे कॅमेरा जात नाही, तिथे चार पॉलिगॉनची सही ठेवते. स्वतः शेल करा, नाहीतर मागून घ्या, बहुतेक जण आनंदाने देतात. पार साधं शेलही स्वतःचं असलेलं बरं.

टायरवॉल
शेल करणारच असाल तर काळाप्रमाणे बारीकसारीक गोष्टी लावा. सत्तरच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला आग लागली तर श्वास घेता यावा म्हणून हेल्मेटला हवेची नळी असायची, बाजूने येणारी. खाली नोमेक्सचा (आग न धरणाऱ्या कापडाचा) घेर लोंबायचा. विल्नेव्ह, पिरोनी, लाफीत यांची जीपीए कंपनीची हेल्मेटं तर बाजूने उघडायची, त्यांच्या बिजागऱ्या फोटोत स्पष्ट दिसतात. त्या बिजागरीवरून आलेला रंगाचा पट्टा तिथे थोडा तुटतो, तो तसाच तुटलेला दाखवा.

मंदगती
तंबाखूच्या जाहिराती ठेवायच्या की काढायच्या? घरात लहान मुलगा रिप्ले बघतो आणि विचारतो हे काय लिहिलंय.

टायरवॉल
दोन स्किन ठेवा, एक अस्सल, एक लोगो काढलेली. अधिकृत गेममध्ये तसंही ते काढलेलेच असतात. फक्त लोगो पुसताना खालचा रंग नीट भरा, ब्लरने पुसलेलं लगेच कळतं.

वळणवेडा
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस बसून केलेलं सांगतो. काकांच्या पद्धतीने गाडीचा पांढरा न्यूट्रल करून चार फोटो जुळवले, तीन जवळ आले, चौथा सोडला. पिवळा लेमनच्या बाजूला आला, माझ्या डोक्यातल्यापेक्षा थंड. मग अर्धवट_यूव्ही म्हणाले तसं डिफ्यूज कमी केलं आणि क्लिअरकोटचं (वरच्या लॅकरचं) रिफ्लेक्शन थोडं वाढवलं, आता उन्हात उजळतो आणि सावलीत मळत नाही. एमिसिव्ह शून्य. मोनॅकोच्या बोगद्यात तपासलं, अंधारात अंधारच राहतो. शेल १९८८ च्या बेलचं नव्याने करतोय, हनुवटीचे फोटो कमी आहेत, कुणाकडे चांगला साइड प्रोफाइल असेल तर द्या.

@कर्बवरून, तुमच्यासाठी टीव्हीवाला पिवळा वेगळ्या स्किन फोल्डरमध्ये टाकलाय. रंग चुकलाय म्हणणाऱ्यांना तोच दाखवेन.

कर्बवरून
लोकशाही म्हणतात ती हीच. डाउनलोड करतो.

पिटवॉल_काका
साइड प्रोफाइल पाठवतो. गाडीतल्या फोटोंपेक्षा पोडियमचे शोधा, तिथे हेल्मेट काखेत किंवा हातात असतं आणि आतलं अस्तर, खालची कड, पट्ट्याची बकल सगळं दिसतं. निळ्या पट्ट्याची जाडी मागच्या बाजूला एकदा तपासून घ्या, तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये ती पुढे आणि मागे सारखीच दिसतेय.

वळणवेडा
बघतो काका.

नवखा_१२
पिकेच्या हेल्मेटवरचे लाल थेंब कोण करतंय? मी करू का? सोपे वाटतायत.

शाईपेन
करा. आणि सोपे वाटतायत हे दोन आठवड्यांनी परत येऊन सांगा.